चित्र दूरदर्शनचे, आवाज रेडिओचा

मोठा क्रिकेट सामना असला की आजकाल घरात एक डोळा टीव्हीवर आणि दुसरा हातातल्या मोबाईलवर असतो. कोणी लागणारी धावगती बघतो, कोणी गोलंदाजाची जुनी आकडेवारी काढतो, कोणी गावोगावच्या नातेवाइकांशी गटावर वाद घालतो. ज्येष्ठ मंडळी याला नव्या पिढीची चंचलता म्हणतात. पण नुसत्या पाहण्याने आपले कधीच भागले नाही, हे इतिहास सांगतो. मोबाईल या घराण्यातला धाकटा आहे, इतकेच.

या घराण्याचा एक पूर्वज १९३८ सालचा. ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये खेळत होता आणि सिडनीतल्या स्टुडिओत समालोचक बसले होते. इंग्लंडहून समुद्राखालच्या तारेने सांकेतिक मजकूर यायचा. तो उलगडून ते जणू मैदानावरूनच बोलत असल्यासारखे वर्णन करीत. बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज लाकडावर पेन्सिल आपटून काढला जाई, टाळ्या ध्वनिमुद्रिकेवरच्या असत. चेंडूगणिक आलेल्या चार अक्षरांवरून आख्खा सामना डोळ्यांसमोर उभा करायचा, हे तंत्र तेव्हापासूनचे.

दुसरा पूर्वज म्हणजे गुणलेखक. बिल फर्ग्युसन नावाच्या ऑस्ट्रेलियन गुणलेखकाने फलंदाजाचा प्रत्येक फटका कुठे गेला याच्या रेघा काढायला सुरुवात केली. गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी दिसणारी ती आकृती आज षटक संपले की पडद्यावर झळकते. तिचा उगम संगणकात नाही, वही-पेन्सिलीत आहे.

आपल्या इंदूरला तर या परंपरेत मानाचे पान आहे. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशा खेळाडूंच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्याआधी १९४४-४५ च्या मुंबईतल्या अंतिम सामन्यात होळकरांसमोर ८६७ धावांचे लक्ष्य होते. डेनिस कॉम्प्टन नाबाद २४९ धावा काढूनही संघ ३७४ धावांनी हरला. टीव्ही नसलेल्या त्या काळातल्या या लढती आज आपल्याला कळतात, त्या मुख्यतः गुणपत्रिकेमुळे.

पुढे याच शहराने सुशील दोशी दिले. त्यांच्या हिंदी समालोचनाने रेडिओ घराघरांत मैदान घेऊन आला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि होळकर स्टेडियममधल्या समालोचन कक्षाला त्यांचे नाव आहे. महाराष्ट्रात बाळ ज. पंडित यांनी मराठी धावत्या वर्णनाची गोडी लावली. आपण इंदूरकर मात्र प्रामुख्याने हिंदी-इंग्रजी समालोचनावर वाढलो.

मग दूरदर्शन आले. अनेक घरांनी एक युक्ती शोधली: टीव्हीचा आवाज बंद आणि शेजारी ट्रान्झिस्टर सुरू. चित्र दूरदर्शनचे, आवाज रेडिओचा. दोन्ही जवळपास एकाच क्षणी पोहोचत असल्याने हा संसार छान चालला. 'दुसरा पडदा' हा शब्द यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे 'दुसरा आवाज' नांदत होता.

१९८३ च्या विश्वचषकाने पडदा आणि कागद या दोन्हींचे मोल दाखवले. २५ जूनचा लॉर्ड्सवरचा अंतिम सामना दूरदर्शनवर पाहता आला. १८३ धावांवर बाद होऊनही भारताने वेस्ट इंडिजला १४० मध्ये गुंडाळले. पण त्याआधी १८ जूनला टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ अशा अवस्थेतून कपिलदेवने काढलेल्या नाबाद १७५ धावांचे दूरचित्रण झालेच नाही. ती खेळी आपण आज 'पाहतो' ती १३८ चेंडू, १६ चौकार, ६ षटकार या आकड्यांतून.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात सायमन किंग या इंग्रज संशोधकाने क्रिकइन्फो सुरू केले. परदेशी विद्यापीठांत शिकणाऱ्या, क्रिकेटला आसुसलेल्या विद्यार्थ्यांनी ते स्वयंसेवेने वाढवले. जिथे सामना दिसत असे तिथला एखादा चेंडूगणिक टंकत बसे आणि जगभरचे बाकीचे वाचत. सिडनीची तारच ही, फक्त आता ती दोन्ही दिशांनी बोलत होती. मैदानापासून दूर पडलेल्यांनीच ही साधने घडवली, हे घर सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको.

२००१ साली लॉर्ड्सवर हॉक-आय आले, मग प्रक्षेपणच फोनवर आले. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. पण एक गोष्ट बिघडली. इंटरनेटवरचे चित्र छोट्या तुकड्यांत येते आणि फोन ते थोडे साठवून मगच दाखवतो, म्हणून ते कित्येक सेकंद मागे राहते. धावसंख्येची दोन अक्षरे मात्र झटकन पोहोचतात. त्यामुळे गोलंदाज धावतच असतो आणि मोबाईल 'बाद' म्हणून मोकळा होतो. शेजारच्या घरातला जल्लोष आपल्या षटकाराच्या आधी ऐकू येतो. एकाच खोलीतले चौघे चार वेगळ्या क्षणांत बसलेले असतात. रेडिओने जुळवलेला तो एक क्षण आपण गमावला.

त्याच साधनाने एक देणेही दिले. २०२३ च्या आयपीएलचे प्रक्षेपण जिओसिनेमावर मराठीतूनही झाले. आकाशवाणीच्या केंद्राचा टप्पा जिथे संपत होता, तिथे बसलेल्या इंदूर, बडोदा, बेळगावच्या मुलांच्या कानावर खेळाची मराठी आयती आली. बाहेर वाढणाऱ्या मुलांना मराठी सणावारापुरती उरते, ही आपली जुनी काळजी. 'यष्टिचीत' आणि 'निर्धाव षटक' हे शब्द पुस्तकातून शिकवण्यापेक्षा शेवटच्या षटकाच्या धाकधुकीत अधिक पक्के बसतील.

तेव्हा पुढच्या मोठ्या सामन्याला मंडळाच्या सभागृहात पडदा लावू, तेव्हा एवढे करून पाहावे. समालोचन मिळत असेल तर मराठी लावावे. धावसंख्येच्या सूचना तेवढ्या वेळेपुरत्या बंद ठेवाव्यात. आणि दोन-तीन मुलांच्या हाती वही-पेन्सिल देऊन गुणपत्रिका लिहायला बसवावे. अडले तर आजोबा आहेतच. जिंकल्यावर इंदूर अजूनही राजवाड्यावरच जमते. तिथे पोहोचण्याआधीचा शेवटचा चेंडूही सगळ्यांनी एकाच क्षणी पाहिलेला असावा.