बेलापूरची हातअवजारे : एक टिपण

आपल्याकडे शेती-अवजारांचा इतिहास बहुधा नांगराचाच इतिहास म्हणून लिहिला जातो. किर्लोस्करांचा १९०३ चा लोखंडी नांगर त्यात मानाने येतो. गावच्या लोहाराने बलुत्यापोटी घडविलेली कुदळ येत नाही.

वस्तुतः बेलापूरसारख्या खाडीकाठच्या गावी जमीन राखली ती हातअवजारांनी. पारसिकच्या मुरमाड उतारावर अरुंद, टोकदार पात्याची कुदळच चाले. खारभाताच्या बांधावरील ओला चिखल उचलावयास तिचा उपयोग नाही, तेथे रुंद फावडेच हवे. खुरप्याची गोष्ट निराळी. ते बसून चालवावयाचे. तण मुळासकट निघावे, परंतु रोपाचे मूळ दुखावू नये, इतकेच खोल घालावयाचे. खुरपणीचे हे काम मुख्यत्वे स्त्रियांचे; इतिहासकारांच्या उपेक्षेचे तेही एक कारण असावे.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढील भूसंपादनात येथील भातखाचरे गेली. अवजारे अंगणापुरती उरली. चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या दशकात आखलेल्या येथील आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये घरांना मोकळी अंगणे आहेत. अशा नव्या वसाहतींतून भरावाची माती असली, तर तीत खडी व विटांचे तुकडे निघतात. त्यांवर खुरप्याची धार तत्काळ बोथटते. म्हणून तेथे प्रथम कुदळीने खणून माती चाळून घ्यावी लागते. खुरप्याची पाळी त्यानंतरची.