शनवार तेल्याचा दुबईतील शनिवार

(सभासदांच्या आठवणींच्या मालिकेत, हव्दालानंतर ध्वनिमुद्रित केलेले भाषण)



‘शनवार तेली’ हे नाव आपल्या पूर्वजांनी मागून घेतलेले नव्हते. ते कोकणातील गावांनी दिले. शनिवारी घाणा बंद असतो, हे शेजाऱ्यांच्या ध्यानात आले होते. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, ग्रंथ बुडाले, तरी शेमा आणि शनिवार टिकले, असे परंपरा सांगते. त्या शनिवारचे दुबईत काय झाले, ते मी आज सांगणार आहे.

मी १९७८ साली तेथे गेलो. मुंबईकराला ते शहर अगदीच परके नव्हते. रिझर्व्ह बँकेने आखातासाठी १९५९ साली काढलेला वेगळा रुपया तेथे १९६६ पर्यंत चालत असे. भारतीय मुलांसाठी इंडियन हायस्कूल १९६१ सालीच निघाले होते. ‘द्वारका’ ही बोट मुंबईहून आखाती बंदरांना १९८२ पर्यंत जात होती. माझे बिऱ्हाड बर दुबईत, कचेरी देऱ्यात. मधली खाडी अब्रा नावाच्या उघड्या लाकडी होडीने ओलांडायची. अलिबागकडच्या माणसाला त्यात नवे काहीच नव्हते.

नवी होती ती आठवड्याची रचना. सुट्टी शुक्रवारी. गुरुवारी रात्री सहकारी एखाद्या हॉटेलातील पबमध्ये जमत आणि मीही जात असे. शुक्रवारी सूर्य मावळला की शहराची सुट्टी संपे आणि आमचा शब्बाथ सुरू होई. पत्नी दिवे लावी. घरी मद्य ठेवण्यास परवाना लागे. आम्हांस त्याची गरज पडली नाही, कारण किद्दुश आपल्या जुन्या रीतीप्रमाणे मनुकांच्या शरबतावरच होई. पडदे मात्र ओढलेले असत. आडनावाच्या शेवटी ‘कर’ होते. लोक पुढे विचारीत नसत आणि आम्ही सांगत नसू.

शनिवारी सकाळी मी अब्राने कामावर आणि मुलगी बसने शाळेत. एकदा तिने विचारले, “पप्पा, आपण शनवार तेली ना? मग आज आपला घाणा चालू कसा?” मला उत्तर देता आले नाही.

वडील मुंबईहून प्रत्येक पत्रात विचारीत, “शब्बाथ पाळता ना?” मी लिहीत असे, “होय.” शुक्रवारची रात्र खरी होती, शनिवारचा दिवस मी त्या एका शब्दामागे लपवीत असे. १९९१ साली वडील गेले. खरे सांगायचे राहून गेले.

मी २००४ साली परतलो. २००६ साली तेथील सरकारी कचेऱ्यांना शनिवारची सुट्टी मिळाली. २०२२ पासून शुक्रवारी अर्धा दिवस काम आणि शनिवार-रविवार सुट्टी, अशी व्यवस्था झाली. २०२० साली इस्रायलशी राजनैतिक संबंध जुळले, आणि २०२३ साली अबू धाबीत मोशे बेन मैमोन यांच्या नावाचे सिनेगॉग उघडले. आम्ही पडद्याआड म्हटलेला किद्दुश आता तेथे उघडपणे म्हणता येतो. याचा मला आनंद आहे. पण त्यामुळे माझे शनिवार परत येत नाहीत.

ज्यांनी घाणा बंद ठेवला, त्यांची आठवण शेजाऱ्यांनी ठेवली. ज्यांना तो चालू ठेवावा लागला, त्यांची आठवण आपणच ठेवली पाहिजे. म्हणून आखातात राहून आलेल्या कुटुंबांना माझी विनंती आहे: आपले शनिवार कसे गेले, ते येथे येऊन सांगा. पाळला असेल तर तसे सांगा, नसेल तर तसे. पण मी वडिलांना लिहीत असे तसे एका शब्दात नको.