हैदराबादचे रहीम मास्तर

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याशी मराठी माणसाचा ऋणानुबंध जुना आहे. किनवट व राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात, म्हणजेच हैदराबाद राज्यात, मोडत होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला भाषावार पुनर्रचनेने ते राज्यच नाहीसे झाले. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल संघाने ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. तो संघ घडविला होता हैदराबादच्या एका शिक्षकाने. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम.

रहीमांचा जन्म १९०९ चा. त्यांच्या तालमीतील हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडामहोत्सवात त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतास सुवर्णपदक मिळाले. पण पुढल्याच वर्षी हेलसिंकीस युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडविला. आपले बहुतेक खेळाडू त्या वेळी अनवाणी खेळत होते.

हरलेल्या दाव्याचे निकालपत्र जो शांत चित्ताने वाचतो, तोच पुढे काही शिकतो, असा आम्हां वकिलांचा अनुभव आहे. रहीमांनी ते वाचले. पायांत बूट आले. एकट्याने चेंडू घोळवीत न बसता तो चटकन सोबत्याकडे देण्याची शिस्त त्यांनी लावली. मेलबर्नला उपान्त्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. प्रथम गोल भारताचा झाला. आपण अखेर ४-१ असे हरलो खरे, पण दहाचे चार झाले होते. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा मूळचे गोव्याचे, हेही आपल्या वाचकांनी ध्यानी ठेवावे.

१९६२ साली जकार्ता येथे कसोटी निराळीच होती. इस्रायल व तैवान यांना वगळल्याबद्दल भारतीय क्रीडाधुरीण सोंधी यांनी आक्षेप घेतला, म्हणून प्रेक्षक भारतावर संतापले होते. बचावफळीतील जर्नेलसिंगांच्या डोक्यास टाके पडलेले. रहीमांनी त्यांना थेट आघाडीस खेळविले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी व जर्नेलसिंग यांच्या गोलांनी दक्षिण कोरिया २-१ असा हरला.

त्या वेळी रहीमांच्या देहास कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी ते निवर्तले. त्यानंतर आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारतास लाभलेले नाही. २०२४ साली 'मैदान' हा चित्रपट निघाला, तेव्हा कोठे अनेकांच्या कानी हे नाव पडले. विजेत्यांचा जयजयकार आपण करतो आणि त्यांना शिकविणाऱ्यास विसरतो. ज्या समाजात गुरुवंदनेवाचून शुभकार्य आरंभीत नाहीत, त्याला ही विस्मृती शोभत नाही, असे आम्हांस वाटते.