संगणकाचा वीजपुरवठा संच

संगणकाचा वीजपुरवठा संच हा घरगुती प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाचे संगणकाच्या भागांना लागणाऱ्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणारा घटक होय. महाराष्ट्रातील बाजारपेठेत तो ‘एसएमपीएस’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. भारतातील २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यापासून तो १२, ५ व ३.३ व्होल्टचे दाब निर्माण करतो. प्रचलित एटीएक्स मांडणी इंटेल कंपनीने १९९५ साली जाहीर केली.

शक्तीची गणना

खेळ, त्रिमितीय चित्रण व चित्रफीत-संपादन यांसाठीच्या संगणकात सर्वाधिक वीज ग्राफिक्स कार्ड वापरते. उदाहरणार्थ, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाची वीजमर्यादा ४५० वॅट, तर इंटेलच्या कोअर आय९-१४९००के प्रक्रियकाची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. मदरबोर्ड, साठवण व पंखे यांसाठी सुमारे ७५ वॅट धरल्यास बेरीज ७७८ वॅट होते. या कार्डासाठी निर्मात्याची शिफारस किमान ८५० वॅटची असली, तरी अशा जोडणीत १,००० वॅटचा संच अधिक सुरक्षित ठरतो. कारण कार्डाची मागणी क्षणभर सरासरीच्या बरीच वर जाते. मध्यम क्षमतेच्या आरटीएक्स ४०७० कार्डास (२०० वॅट) ६५० वॅटचा संच पुरतो.

ग्राफिक्स कार्ड व प्रक्रियक मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात. म्हणून वेष्टनावरील मोठ्या आकड्यापेक्षा संचावरील तक्ता महत्त्वाचा असतो. ७५० वॅटच्या चांगल्या संचावर १२ व्होल्टपुढे सुमारे ६२ अँपिअर लिहिलेले असते (१२ × ६२ = ७४४ वॅट). हा गुणाकार एकूण क्षमतेपेक्षा फार कमी आल्यास तो संच ग्राफिक्स कार्डासाठी अयोग्य समजावा.

कार्यक्षमता

‘८० प्लस’ ही प्रमाणपत्र योजना २००४ साली सुरू झाली. २३० व्होल्टच्या निकषांनुसार अर्ध्या भारास कांस्य श्रेणीची कार्यक्षमता ८८ टक्के, सुवर्ण श्रेणीची ९२ टक्के व टायटॅनियम श्रेणीची ९६ टक्के अपेक्षित असते. संगणकास ४०० वॅट लागत असल्यास ७५ टक्के कार्यक्षमतेचा संच सुमारे ५३३ वॅट, तर ९२ टक्क्यांचा सुमारे ४३५ वॅट खेचतो. रोज चार तास वापर धरल्यास हा फरक वर्षाला सुमारे १४४ युनिट होतो. मात्र ही श्रेणी केवळ कार्यक्षमता सांगते. सुरक्षिततेची हमी देत नाही. अतिभार, अतिदाब, लघुपरिपथ व अतिउष्णता यांपासून संरक्षण आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

जोडण्या

मदरबोर्डवरील खाचेतून कार्डास ७५ वॅटपर्यंत शक्ती मिळते. सहा टोकांची जोडणी ७५, आठ टोकांची १५०, तर नवी सोळा टोकांची जोडणी ६०० वॅटपर्यंत शक्ती पुरवते. सोळा टोकांची जोडणी पूर्ण आत न बसल्यास ती तापून वितळू शकते. सुट्या केबलच्या संचांत एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या संचास लावू नये. टोकांचा क्रम वेगळा असल्याने भाग जळू शकतात.

स्थानिक परिस्थिती

रसायनी, खालापूर, कर्जत यांसारख्या कोकणातील अतिवृष्टीच्या भागांत पावसाळ्यात झाडे पडून वा विजा चमकून पुरवठ्यात व्यत्यय येतो. त्यामुळे यूपीएस उपयुक्त ठरतो. परंतु बाजारात सर्रास मिळणारे ६०० व्हीएचे यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतात व ग्राफिक्सचा भार पेलू शकत नाहीत. शक्तिगुणक सुधारणा असलेल्या संचांसाठी शुद्ध साइन तरंगाचा यूपीएस श्रेयस्कर असतो.

तीन पिनांच्या जोडणीत अर्थिंग नसल्यास संचातील गाळणीमुळे संगणकाच्या धातूच्या पेटीस हात लावताच झिणझिण्या येतात. असे आढळल्यास घरातील अर्थिंग विद्युततंत्रज्ञाकडून तपासून घेणे आवश्यक आहे. जुन्या संचांवरील दाबनिवडीची कळ ११५ वर राहिल्यास २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर संच जळतो. वीज बंद केल्यानंतरही धारित्रांत धोकादायक प्रभार उरत असल्याने संच घरी उघडू नये.