बाइंड : आपल्याच घरची गाठ

टर्मिनलवर ‘नेमसीएलटी बाइंड’ टाइप करायचं, पुढे नाव आणि ‘आयओआर:’पासून सुरू होणारी आकडे-अक्षरांची लांबलचक माळ, म्हणजे एखाद्या वस्तूचा (ऑब्जेक्टचा) पत्ता. एंटर दाबलं की कोर्बा या संगणकीय मानकाच्या नामसेवेत (नेमिंग सर्व्हिसमध्ये) ते नाव त्या वस्तूला बांधलं जातं.

हा ‘बाइंड’ परका नाही. संस्कृत ‘बन्ध्’ आणि इंग्रजी ‘बाइंड’ ही एकाच इंडो-युरोपीय धातूची लेकरं. आपलं बांधणं, बंध, संबंध त्याच कुळातलं. म्हणूनच इथे ‘जोडणे’ हा प्रतिशब्द मला फिका वाटतो. जोडण्यात गाठ दिसत नाही. आणि इथे गाठ खरीच आहे : नाव आधीच कुठे बांधलेलं असेल, तर बाइंड सरळ नकार देतो. जुनी सोडून नवी मारायची तर ‘रीबाइंड’. ‘अनबाइंड’ने गाठ सुटते, वस्तू मात्र शाबूत राहते.