सभिकाचा वांटा: मिताक्षरेंतील द्यूतप्रकरण व आजचा कॅसिनो

गोव्यांत मांडवी नदीवर नांगरलेल्या जहाजांत जो कॅसिनो चालतो, तो केवळ पाश्चात्त्य प्रकार होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. खेळ पाश्चात्त्य खरे. परंतु द्यूतगृह राजाज्ञेनें चालावें व त्याच्या उत्पन्नांत राजानें भाग घ्यावा, ही व्यवस्था आमच्या धर्मशास्त्रास अपरिचित नव्हती. तिचें विवेचन आमच्या सोलापुराच्या पूर्वेस असलेल्या कल्याणी नगरींत, चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत (इ. स. १०७६–११२६), विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत केलेलें आहे. वारसाहक्काच्या निर्णयासाठीं मिताक्षरा सर्वांस ठाऊक आहे. व्यवहाराध्यायांतील द्यूतसमाह्वय प्रकरणाचीं पानें मात्र पोथीसंग्राहकही न वाचतां उलटतात.

द्यूतसभेचा चालक तो सभिक. जिंकलेली रक्कम शंभर पण किंवा अधिक असल्यास त्यानें जिंकणारापासून शेंकडा पांच घ्यावे, कमी असल्यास शेंकडा दहा, असा याज्ञवल्क्याचा नियम आहे. म्हणजे लहान खेळाडूवर भार दुप्पट! नारद सरसकट दहा सांगतो. कौटिल्याच्या व्यवस्थेंत द्यूताध्यक्ष शेंकडा पांच घेतो. त्याखेरीज कवड्या, फांसे इत्यादि साधनांचें भाडें आणि पाणी व जागा यांचेंही मोल घेतो. (हें अर्थशास्त्र आपणांस लाभलें तें तंजावरच्या एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास दिलेल्या पोथीमुळें. शामशास्त्र्यांनीं तें १९०९ सालीं छापलें.)

हा वांटा सभिकास कशाबद्दल? हरलेल्याकडून वसूल करून जिंकलेल्याच्या पदरांत रक्कम टाकण्याची जोखीम त्याच्या शिरीं होती. त्यानें सत्यवचनी व क्षमाशील असावें, अशी शास्त्राची अपेक्षा. मृच्छकटिकांतील माथुर नामक सभिकाची क्षमा पहावी! दहा सुवर्णांचा देणेकरी संवाहक उलट्या पावलांनीं ओस देवळांत शिरून मूर्ति होऊन उभा राहतो. तो सांपडतांच माथुर त्यास बाप वीक, आई वीक, नाहीं तर स्वतःस वीक, असें दरडावतो.

परंतु कोण जिंकला याच्याशीं सभिकास कर्तव्य नव्हतें. कॅसिनोचें मर्म येथेंच निराळें आहे. तेथें बहुतेक खेळांत गृह हेंच प्रतिपक्षी होय. रुलेटच्या चक्रावर शून्यापासून छत्तीसपर्यंत ३७ घरें असतात. एका अंकावर रुपया लावून तो आल्यास आपल्या रुपयासह ३६ परत मिळतात. म्हणजे ३७ रुपये लावणारास सरासरीनें ३६ परत, व गृहास एक. शेंकडा सुमारें २.७. दोन शून्यांच्या चक्रावर हेंच प्रमाण सुमारें ५.२६ होतें. कौटिल्याचे पांच आठवतील, पण साम्य फसवें आहे. सभिक जिंकलेल्या रकमेवर उघड घेई; येथें कपात देण्याच्या दरांतच दडलेली, व तेच पैसे पुनः लावले कीं पुनः लागू. रात्रभर खेळणारास ती कोठेंच लिहिलेली दिसत नाहीं.

मनूनें द्यूत सर्वस्वीं वर्ज्य केलें आहे. तो निषेध खोट्या फांशांच्या व राजाच्या देखरेखीविना चाललेल्या द्यूतापुरता, असा मेळ विज्ञानेश्वर घालतो. आमच्या राज्यानें १९७६ सालीं कॅसिनोचा कायदा केला, तो कधींच अंमलांत आला नाहीं व २०२३ सालीं रद्द झाला. गोव्यानें १९९२ सालीं पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांस व १९९६ सालीं जहाजांवरील खेळास वाट दिली. महाराष्ट्र मनूकडे गेला, गोवें विज्ञानेश्वराकडे, असें विनोदानें म्हणतां येईल.

ज्यांच्या संग्रहीं मिताक्षरेच्या व्यवहाराध्यायाची पोथी असेल, त्यांनीं या प्रकरणाच्या समासांत टिपणें आहेत काय तें पाहून, असल्यास त्यांची नक्कल आम्हांकडे धाडावी.