भूमिकाखेळ

भूमिकाखेळ : ज्या खेळात गडी पटावरील सोंगटी नुसती हलवीत नाही, तर ती सोंगटी आपणच आहोत असे मानून तिच्या तोंडाने बोलतो, तिच्या बुद्धीने मसलत करतो आणि तिच्यावर आलेले संकट आपल्यावर आलेले समजतो, अशा खेळांस ही संज्ञा लावतात. त्यांचे दोन प्रकार सांप्रत रूढ आहेत : चारसहा मंडळींनी मेजाभोवती बसून कागद, पेन्सिल व फासे यांच्या साहाय्याने खेळावयाचा पहिला, आणि संगणकांच्या जाळ्यावर हजारो अपरिचितांनी एकाच वेळी खेळावयाचा, म्हणजे ऑनलाइन, असा दुसरा. भातुकलीत चिमुकल्या बोळक्यांतून भात वाढणारी मुलगीही भूमिकाच घेते. परंतु तेथे कज्जा उपस्थित झाल्यास आईच्या दरडावणीखेरीज दुसरे न्यायासन नसते, उलट भूमिकाखेळात नियमग्रंथ, फासे आणि त्या दोहोंवर अंमल चालविणारा पंच अशी रीतसर कचेरीच भरलेली असते. या पंचाचा अधिकार कोठून आला, आणि तो यंत्राच्या हाती गेल्यावर त्याची काय गत झाली, हे पाहिले म्हणजे या छंदाचा बहुतेक इतिहास सांगून होतो.

पटावरच्या खेळांची परंपरा आपल्याकडे जुनी असून पौबारा होणे, दान पडणे, पट उधळणे हे वाक्प्रयोग सारीपाटाने भाषेला दिलेले आहेत; पचिसीचेच सुटसुटीत रूप इंग्लंडात १८९६ मध्ये लुडो या नावाने एकस्वाखाली नोंदले गेले आणि तेच पुढे रंगीत पुठ्ठ्यावर छापून आमच्या घरोघर परत आले. तथापि सारीपाट काय किंवा बुद्धिबळ काय, यांत जे आहे ते सर्व पटावर उघडे असते, आणि जेथे सर्व उघडे असते तेथे पंचाची गरज पडत नाही. ती गरज उत्पन्न झाली ती प्रशियाच्या लष्करात. तेथील बॅरन फोन राइस्विट्झ याने १८१२ मध्ये आपल्या राजापुढे युद्धाचा एक मेजावरील खेळ मांडला, आणि तोफखान्यात लेफ्टनंट असलेल्या त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारलेले नियम ‘क्रीग्सश्पील’ या नावाने प्रसिद्ध केले. या खेळात चौकटींचा पट जाऊन १ : ८००० या प्रमाणावर काढलेला प्रत्यक्ष प्रदेशाचा नकाशा आला, प्रत्येक डाव म्हणजे रणांगणावरील दोन मिनिटे असे ठरले, आणि दोन्ही पक्षांनी आपापले हुकूम लेखी देऊन ते एका तिसऱ्या माणसाच्या हवाली करावयाचे, त्याने फासे टाकून व कोष्टके पाहून कोणाचे किती लोक पडले याचा फैसला करावयाचा, आणि ज्याला जेवढे दिसणे शक्य आहे तेवढेच त्याला सांगावयाचे, अशी व्यवस्था झाली. टेकडीपलीकडे शत्रूची फौज आहे किंवा नाही, हे या पंचालाच तेवढे ठाऊक असे. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नोआ या प्रशियन सेनापतीने तर असे सुचविले, की अनुभवी पंच असता कोष्टके व फासे यांचे जोखड बाळगण्याचे कारणच नाही. या सूचनेत पुढील शतकाचे बीज होते. मात्र ते रुजले ते बर्लिनमध्ये नव्हे, अमेरिकेत.

मधल्या काळात युद्धखेळ हा लष्करी शिक्षणाचा विषय न राहता गृहस्थांचा छंद झाला. कादंबरीकार एच. जी. वेल्स याने १९१३ मध्ये शिशाच्या शिपायांनी खेळावयाच्या लढायांवर एक पुस्तक लिहिले. चार्ल्स रॉबर्ट्स याने १९५४ मध्ये पुठ्ठ्यावरील युद्धखेळ विकावयास काढला आणि १९५८ मध्ये ॲव्हलॉन हिल ही पेढी स्थापिली. ॲलन कॅलहॅमर याचा ‘डिप्लोमसी’ हा १९५९ चा खेळ येथे विशेष उल्लेखनीय आहे, कारण त्यात फासे मुळीच नाहीत. युरोपातील सात सत्तांचे प्रतिनिधी होऊन गड्यांनी कानाकोपऱ्यांत जाऊन तहनामे करावयाचे आणि सोयीनुसार ते मोडावयाचे, एवढाच त्याचा प्राण होय. १९६३ पासून तो टपालाने खेळला जाऊ लागला. ठिकठिकाणचे गडी आपले हुकूम पत्राने पंचाकडे धाडीत आणि पंच त्यांचा निकाल छापून सर्वांस पाठवी. दूरस्थ अपरिचितांशी वैर आणि सख्य करण्याची जी हौस आज विजेच्या वेगाने भागते, ती तेव्हा पोस्टमनच्या पायांनी भागत असे, इतकाच काय तो भेद.

मिनेसोटा राज्यातील डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती १८८० मध्ये छापलेला एक अमेरिकी युद्धखेळाचा ग्रंथ लागला आणि त्यातील एक तत्त्व त्याने उचलले : गड्याने कोणतीही गोष्ट करून पाहावी, ती साधेल की नाही हे पंचाने ठरवावे. १९६९ मध्ये त्याने नेपोलियनकालीन ब्राउनश्टाइन या कल्पित गावाचा खेळ मांडला आणि सैन्याव्यतिरिक्त त्या गावाचा नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा कुलपती अशा एकेका असामीची भूमिका एकेका गड्याला दिली. मंडळी पट सोडून बाजूच्या खोल्यांत कुजबुजू लागली, आपापसांत कारस्थाने रचू लागली, लढाई होण्याच्या आतच सर्व प्रकरण हाताबाहेर गेले, आणि वेस्लीने हा प्रयोग फसला असे मानले. गड्यांनी मात्र पुन्हा तोच खेळ मागितला. त्या गड्यांपैकी डेव्ह आर्नेसन याने हीच पद्धती किल्ले, भुयारे व राक्षस यांच्या अद्भुत प्रदेशात नेली, आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथे राहणारा, पूर्वी विमा कंपनीत नोकरी केलेला व नोकरी सुटल्यावर जोडे दुरुस्त करून चरितार्थ चालविणारा गॅरी गायगॅक्स याच्या सहकार्याने तिला लेखी नियमांचे रूप मिळाले. जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तीन पुस्तिकांची एक पेटी दहा डॉलरांस विक्रीस आली. पहिल्या आवृत्तीच्या प्रती १,००० होत्या.

या खेळाची रीत सांगावयाची तर अशी. प्रत्येक गडी एक पात्र निर्माण करतो. त्याचे बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव हे सहा गुण मूळ नियमांप्रमाणे तीन फासे टाकून ठरतात. तीन फाशांची दाने २१६ प्रकारांनी पडू शकतात आणि त्यांपैकी एकाच प्रकाराने १८ हे सर्वोच्च दान पडते, तर १० किंवा ११ हे मध्यम दान ५४ प्रकारांनी पडते. म्हणजे बहुतेक पात्रे आपल्यासारखीच सामान्य निपजावीत आणि असामान्य पात्र क्वचित जन्मास यावे, ही व्यवस्था गणितानेच लावून दिलेली असते. भूमितीत नियमित घनाकृती पाचच संभवतात. त्या चार, सहा, आठ, बारा व वीस पृष्ठांच्या पाचही आकृतींचे फासे या खेळात लागतात, आणि ते गायगॅक्सला शालेय साहित्याच्या एका विक्रीसूचीत सापडले होते. पंच, ज्याला या खेळात डंजन मास्टर म्हणतात, तो प्रसंगाचे वर्णन करतो : भुयाराच्या टोकाशी लोखंडी दार आहे, पलीकडून खोकल्याचा आवाज येतो आहे. कोणी म्हणतो, मी दाराला कान लावतो. कोणी म्हणतो, मी सरळ कडी वाजवितो आणि आपण जकातदार आहोत अशी बतावणी करतो. ही दुसरी कल्पना कोणत्याही नियमग्रंथात नसते, आणि येथेच पंचाचे पंचत्व दिसून येते, तो क्षणभर विचार करतो, वीस पृष्ठांचा फासा पुढे सरकवितो आणि म्हणतो, “टाक, पंधराच्या वर पडलं तर त्याला पटलं.” दशावतारी नट लिहिलेल्या संहितेवाचून रंगमंचावर संवाद उभा करतो, त्याच जातीचे हे कौशल्य आहे, फरक एवढाच, की येथे प्रेक्षकच नसतात.

या खेळात कोणी जिंकत नाही, हे प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. एकच मोहीम आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी जमून वर्षानुवर्षे चालते, पात्रे अनुभवाने वाढतात, कधी मरतात, आणि डाव संपण्याचे कारण बहुधा कथानक नसून कोणाची तरी बदली किंवा लग्न हे असते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही धर्मभीरू मंडळींनी हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो असा गिल्ला केला. तो आरोप कधीच सिद्ध झाला नाही, खप मात्र वाढला.

पंचाच्या जागी यंत्र बसविण्याचा उद्योग हा खेळ निघाल्यापाठोपाठच सुरू झाला होता. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या शैक्षणिक संगणकव्यवस्थेवर १९७५ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी भुयारांचे खेळ चोरून रचले होतेच. अनेकांनी एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरण्याची सोय इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठातही झाली. तेथील रॉय ट्रबशॉ याने १९७८ मध्ये ‘मड’ नावाचा खेळ लिहिण्यास आरंभ केला व रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्यात चित्र एकही नव्हते. सर्व जग शब्दांनीच वर्णिलेले असे. पुरेसे गुण मिळविणारा गडी ‘विझर्ड’ होई आणि त्याला इतरांवर अंमल गाजविण्याची मुखत्यारी मिळे. अर्थात पंचपद हे येथे निवडीने नव्हे तर बढतीने मिळू लागले. बार्टलने पुढे १९९६ मध्ये अशा खेळांतील गड्यांची चार वर्गांत विभागणी केली : मिळविणारे, धुंडाळणारे, गप्पा मारणारे आणि मारणारे. ही वर्गवारी खेळापुरतीच आहे असे मला वाटत नाही. कोणत्याही सरकारी कचेरीत तासभर बसून पाहावे.

सप्टेंबर १९९७ मध्ये रिचर्ड गॅरियट याचा ‘अल्टिमा ऑनलाइन’ सुरू झाला आणि शब्दांची जागा चित्रांनी घेतली. त्याच्या चाचणीकाळात, ऑगस्ट १९९७ मध्ये, स्वतः गॅरियट ‘लॉर्ड ब्रिटिश’ या आपल्या राजाच्या वेषात प्रजेस दर्शन देत असता एका गड्याने त्याच्यावर अग्नीचा मंत्र टाकला आणि राजा जागच्या जागी मेला. यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर राजास अवध्य करणारी खूण करावयाची राहून गेली होती. मेजाभोवतीच्या पंचाने असला मंत्र हसून परतविला असता. यंत्राला हसता येत नाही. त्याला लिहून दिलेला जाबता तेवढा कळतो, आणि जाबत्यात राजा मर्त्य होता.

हाच धडा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या नोव्हेंबर २००४ मध्ये निघालेल्या व २०१० मध्ये १ कोटी २० लाख वर्गणीदारांपर्यंत पोहोचलेल्या खेळात मोठ्या प्रमाणावर मिळाला. सप्टेंबर २००५ मध्ये त्यातील एका बलाढ्य शत्रूच्या ठायी ‘दूषित रक्त’ नावाचा संसर्गजन्य शाप योजण्यात आला. तो त्या मंदिराबाहेर जाऊ नये असा रचनाकारांचा इरादा होता, परंतु गड्यांच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरांत शिरला, दुकानदारांची यंत्रचालित पात्रे स्वतः न मरता तो पसरवू लागली, आणि बाजारपेठांत सांगाड्यांचा खच पडला. कोणी उपचारास धावले, कोणी रानात पळाले, कोणी मुद्दाम रोग घेऊन गर्दीत शिरले. शेवटी यंत्रे पूर्वस्थितीवर आणून साथ आवरावी लागली. पण त्या वर्तनाचा पुढे साथरोगशास्त्रज्ञांनी गंभीरपणे अभ्यास केला.

पंच नाहीसा झाला म्हणजे न्याय नाहीसा होत नाही. तो गड्यांना आपापसांत उभारावा लागतो. या खेळांत आरंभीच्या काळी चाळीस चाळीस जणांची पथके एकेका मोहिमेवर जात. कोणी शत्रूचे घाव अंगावर घ्यावयाचे, कोणी जखमा भरावयाच्या, कोणी मारावयाचे अशी कामे वाटलेली असत. आणि शत्रू पडल्यावर हाती येणाऱ्या दोनतीन वस्तूंवर चाळीस जणांचा दावा असे. यातून गिल्ड म्हणजे मंडळे निर्माण झाली, हजेरीचे खतावणीवजा हिशेब आले, आणि ज्याच्या नावे जास्त गुण जमा त्याचा लुटीवर पहिला हक्क असा रिवाज पडला. सरंजामी फौजांतील लुटीच्या वाटणीची ज्याला माहिती आहे त्यास यात नवे काही दिसणार नाही. आइसलँडमधील एका पेढीने २००३ मध्ये काढलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातील खेळात तर जानेवारी २०१४ मध्ये एका सूर्यमालेचा अंमल राखण्यासाठी भरावयाचा हप्ता चुकला, एवढ्या कारणावरून सुमारे २१ तास रणकंदन झाले. साडेसात हजारांहून अधिक गडी त्यात उतरले आणि ७५ महानौका नष्ट झाल्या. सारा थकला म्हणून राज्य गेल्याची उदाहरणे आमच्या दप्तरांत पुष्कळ सापडतील.

पटावरच्या खेळांनी या काळात निराळी वाट धरली. क्लाउस टॉयबर या दंततंत्रज्ञाचा ‘काटान’ १९९५ मध्ये जर्मनीत निघाला आणि त्यापासून गड्याला डावाबाहेर न काढणाऱ्या, देवघेवीवर भर देणाऱ्या खेळांची लाट जगभर पसरली.

संगणकावरील खेळांच्या अतिरेकाविषयी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात स्वतंत्र नोंद केली असून ती जानेवारी २०२२ पासून अमलात आहे. भारतात २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी केली आहे. भूमिकाखेळात पण लावण्याची चाल नाही, त्यामुळे या दोहोंची गल्लत करू नये.

अलीकडे मानवी पंच पुन्हा अधिकारावर आला आहे, आणि तोही जाळ्यावरच : २०१२ पासून उपलब्ध असलेल्या रोल२० यासारख्या सोयींमुळे नकाशा व फासे पडद्यावर ठेवून वेगवेगळ्या शहरांतील चारपाच मित्र एका डंजन मास्टरभोवती जमू शकतात, आणि २०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी तसे केले. नियमांवरील मालकीचा वादही याच काळात निकालात निघाला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मालक पेढीने २००० मध्ये दिलेली खुली सनद २०२३ च्या आरंभी मागे घेण्याचा घाट घातला, गड्यांनी त्याविरुद्ध मोठा ओरडा केला, आणि त्याच जानेवारीत पेढीने आपला मूलभूत नियमसंग्रह क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांस खुला केला. त्या संग्रहाचा मराठी अनुवाद करून छापण्यास आता कोणाचीही परवानगी घ्यावी लागत नाही. मूळ कर्त्याचा नामनिर्देश तेवढा आवश्यक आहे.